महाग पडते ती न परतणारी पेटी

कारखान्यात सुटा भाग कधी सुटा येत नाही. तो कशात तरी भरून येतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेले ब्रॅकेट, शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग, वाळूजमध्ये प्रेसखालून निघालेला पत्र्याचा भाग, हे सारे चाकणच्या असेंब्ली लाइनपर्यंत दोनपैकी एका प्रकाराने पोहोचते. पहिला प्रकार पुठ्ठ्याच्या खोक्याचा. खोके एकदा भरायचे, चिकटपट्टी मारायची, पोहोचल्यावर फाडायचे आणि भंगारवाल्याला वजनावर द्यायचे. दुसरा प्रकार फेरवापराच्या पेटीचा. प्लॅस्टिकचे क्रेट, घडी घालता येणारी मोठी पेटी, लोखंडी बिन किंवा चाकांची ट्रॉली भरून जाते, रिकामी होते आणि पुन्हा भरण्यासाठी पुरवठादाराकडे परत येते.

ही दुसरी पद्धत नवी नाही. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत पुढचा माल मागवणारे कानबान कार्ड ज्या पेटीला लावले जाते, ती ठरावीक मापाची आणि ठरावीक नगांची असते. एका पेटीत किती नग हे पक्के नसेल, तर त्या कार्डाला अर्थच उरत नाही. जर्मन वाहन उद्योगाने लहान भागांच्या पेट्यांची मापे व्हीडीए ४५०० या मानकात बांधून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ऑस्ट्रेलियात मागे ठेवलेल्या पॅलेट आणि उचल यंत्रांमधून तिथे एक सामायिक साठा उभा राहिला. तो १९५८ मध्ये ब्रॅम्बल्स कंपनीकडे गेला आणि त्यातूनच ‘चेप’ या नावाच्या निळ्या पॅलेट जगभर पसरल्या.

तरीही महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यात या पद्धतीविरुद्धचे एक पक्के मत आजही ऐकू येते. पेटी महाग, रिकामी परत आणायचे भाडे वेगळे, पेट्या हरवतात, पुठ्ठा तर पुन्हा कागद होण्यासाठी जातोच, जीएसटीची कागदपत्रे वाढतात, आणि शेवटी सगळा भुर्दंड लहान पुरवठादारावर पडतो, असे हे मत आहे. त्यातला प्रत्येक आक्षेप अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो गांभीर्यानेच तपासला पाहिजे. तपासल्यावर मात्र दिसते ते असे की, यातले बहुतेक दोष पेटीचे नाहीत. पेटी परत आणण्याची जबाबदारी कोणावरच नसल्याचे आहेत.

किंमत

पहिला आक्षेप किमतीचा. तीस रुपयांच्या खोक्याच्या जागी सहाशे रुपयांची पेटी का घ्यावी, असे विचारले जाते. या प्रश्नात एका फेरीचा खर्च आणि अनेक वर्षांची मालमत्ता एका तराजूत घातली जातात. खरी तुलना एका फेरीची एका फेरीशी व्हायला हवी.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येतो. समजा, एका पुरवठादाराकडून रोज २,००० नग जातात आणि एका पेटीत २० नग बसतात. म्हणजे रोज १०० पेट्या लागतात. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले, तर ३०,००० फेऱ्या होतात. आतल्या कप्प्यांसह पुठ्ठ्याचे खोके ३० रुपयांना पडले, तर वर्षाचा खर्च ९ लाख रुपये. भंगारातून यातले थोडे पैसे परत मिळतात, पण ते खोके विकत घेणाऱ्या पुरवठादाराला मिळत नाहीत. ते फाडणाऱ्या कारखान्याच्या खात्यात जमा होतात.

फेरवापराच्या पेटीचा हिशेब वेगळ्या प्रश्नापासून सुरू होतो: एक पेटी भरल्यापासून ती पुन्हा भरायला हाती येईपर्यंत किती दिवस जातात? पुरवठादाराकडे भरून ठेवलेला दीड दिवसाचा साठा, वाहतुकीत अर्धा दिवस, कारखान्याच्या स्टोअरमध्ये आणि लाइनवर मिळून दोन दिवस, रिकाम्या पेट्या गोळा होऊन परत येण्यात एक दिवस आणि भरण्याआधी पुसून तयार ठेवण्यात एक दिवस, असे सहा दिवस धरले, तर ६०० पेट्या लागतात. दुरुस्ती आणि धुलाईसाठी दहा टक्के जास्त, म्हणजे ६६०. सहाशे रुपयांप्रमाणे भांडवल ३ लाख ९६ हजार. परतीची हाताळणी आणि सफाई यांचे फेरीमागे ८ रुपये धरले, तर वर्षाला २ लाख ४० हजार. वर्षात आठ टक्के पेट्या फुटल्या किंवा हरवल्या, तर त्यांच्या बदलीचे सुमारे ३२ हजार. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च ६ लाख ६८ हजार, आणि दुसऱ्या वर्षापासून २ लाख ७२ हजार. पुठ्ठ्याचे ९ लाख मात्र दरवर्षी ठरलेले.

प्रत्येक भागागणिक हे आकडे बदलतील. हिशेबाची रचना बदलणार नाही. तिच्यात सर्वांत वजनदार गोष्ट पेटीची खरेदी किंमत नसून फेरीचे दिवस ही आहे. याच उदाहरणात रिकाम्या पेट्या कारखान्याच्या मागच्या आवारात सहा दिवस पडून राहिल्या, तर फेरी बारा दिवसांची होते, ६६० ऐवजी १,३२० पेट्या लागतात आणि भांडवल ७ लाख ९२ हजारांवर जाते. ‘पेटी परवडली नाही’ असे म्हणणाऱ्या कारखान्याने आधी या सहा दिवसांचा शोध घ्यायला हवा. पेट्या कमी पडतात म्हणून नव्या मागवणे हा महागडा उपाय आहे. पडून राहिलेल्या पेट्या रोज परत पाठवायला एक माणूस आणि एक ठरलेली वेळ पुरते.

परतीचे भाडे

दुसरा आक्षेप असा की, पुठ्ठ्याला परत यावे लागत नाही, पेटीला यावे लागते. म्हणजे वाहतूक दुप्पट. हे म्हणणे खरे ठरायचे, तर पुठ्ठा घेऊन गेलेली गाडी परत येताना दुसरा माल घेऊन यायला हवी. भोसरी ते चाकण किंवा तळेगाव ते चाकण अशा छोट्या पल्ल्यावर तसे क्वचितच घडते. ठरलेल्या पुरवठ्यावर लावलेला टेम्पो माल उतरवून रिकामाच परततो. त्याचे भाडे जाण्यायेण्याचे मिळून आधीच दिलेले असते. रिकाम्या पेट्या त्या मोकळ्या जागेत बसतात. वाढतो तो त्या चढवण्या-उतरवण्याचा वेळ, आणि तो वरच्या हिशेबात धरलेलाच आहे.

‘मिल्क रन’ पद्धतीत हा आक्षेप आणखी फिका पडतो. कारखान्याची एकच गाडी ठरलेल्या वेळी चार-पाच पुरवठादारांकडे फिरते; प्रत्येकाकडे रिकाम्या पेट्या उतरवते आणि तेवढ्याच भरलेल्या उचलते. इथे जाणे आणि परतणे अशा दोन वेगळ्या फेऱ्याच राहत नाहीत. शिवाय एकात एक बसणाऱ्या किंवा घडी होणाऱ्या पेट्या रिकाम्या असताना भरलेल्यांच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाची जागा घेतात.

गाडी भरण्याच्या बाबतीत तर पुठ्ठाच मागे पडतो. निरनिराळ्या पुरवठादारांची निरनिराळ्या मापांची खोकी एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि वरच्या थराच्या वजनाने खालची खोकी दबतात, म्हणून गाडीची उंची वाया जाते. ६०० बाय ४०० मिलिमीटर तळाच्या पेट्या १२०० बाय १००० च्या पॅलेटवर पाच आणि १२०० बाय ८०० च्या पॅलेटवर चार अशा जराही फट न ठेवता बसतात. त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात आणि भार आतल्या मालाऐवजी पेटीच्या भिंती पेलतात.

हा आक्षेप लांब पल्ल्यावर मात्र पूर्ण खरा आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पुण्याहून मानेसर किंवा श्रीपेरंबुदूरला माल जातो, तेव्हा अंतर हजार किलोमीटरच्या पुढे जाते आणि फेरी सहज तीस दिवसांची होते. वरच्याच उदाहरणात तीस दिवसांची फेरी धरली, तर ३,३०० पेट्या लागतात, भांडवल १९ लाख ८० हजार होते, आणि परतीचा खर्च पेटीमागे २५ रुपये पडला तर वर्षाचे साडेसात लाख त्यातच जातात. पुठ्ठ्याच्या तुलनेत राहिलेले दीड लाख हरवलेल्या पेट्या भरून काढण्यातच संपतात. अशा मार्गावर स्वतःच्या पेट्या फिरवणे चुकीचे आहे. तिथे एक तर पुठ्ठा वापरावा किंवा भाड्याने पॅलेट आणि पेट्या देणाऱ्या सामायिक साठ्यातून घ्याव्यात. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेली मुंबईची लीप इंडिया असे साठे चालवते. रिकामी पेटी मूळ ठिकाणी परत येण्याची गरजच राहत नाही. ती पोहोचलेल्या शहरात जमा होते आणि तिथला दुसरा ग्राहक ती उचलतो.

लांब पल्ल्यावरचा हा खरा आक्षेप वीस किलोमीटरच्या पुरवठ्यावर लावणे हीच या वादातली मोठी गफलत आहे. वाहन उद्योगातला कितीतरी माल पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव यांच्यातच फिरतो. या वर्तुळात परतीच्या भाड्याचे कारण टिकत नाही.

हरवणे

पेट्या हरवतात, हे कोणीही नाकारू शकणार नाही. स्टोअरमध्ये त्यांत नटबोल्ट साठवले जातात, शॉप फ्लोअरवर त्या उलट्या करून बसायला घेतल्या जातात, एका पुरवठादाराची पेटी दुसऱ्याकडे जाते, काही थेट भंगारात निघतात. पण यातून ‘पेटी वापरू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. पेटी मोजली जात नाही, एवढाच निघतो.

घरगुती गॅसचा सिलिंडर हे भारतात फार मोठ्या प्रमाणावर फिरणारे फेरवापराचे पात्र आहे. तो टिकतो याचे कारण, त्यावर अनामत रक्कम असते आणि भरलेला हवा असेल तर रिकामा द्यावा लागतो. कारखान्यात याच दोन अटी लागू केल्या, तर हरवण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येते. भरलेल्या जितक्या पेट्या गेटमधून आत आल्या तितक्याच रिकाम्या त्याच गाडीतून बाहेर गेल्या पाहिजेत; कमी पडल्या तर तो आकडा त्याच दिवशी चलनावर लिहिला गेला पाहिजे आणि महिनाअखेरीला त्याची रक्कम ज्याच्याकडे पेट्या अडकल्या त्याच्या खात्यावर पडली पाहिजे. पेटीवर क्रमांक किंवा क्यूआर कोड असावा, मालकाचे नाव साच्यातच उमटवलेले असावे आणि प्रत्येक पुरवठादाराचा रंग वेगळा असावा.

रिटर्नेबल गेटपासची नोंदवही जवळपास प्रत्येक कारखान्यात आहे. दुरुस्तीला गेलेली मोटर किंवा कॅलिब्रेशनला गेलेले मोजमापाचे साधन परत आले नाही, तर त्याची विचारणा होते. पेटीची होत नाही, कारण ती कोणाच्याच खात्यावर मालमत्ता म्हणून चढलेली नसते. मोजणारा कोणी नाही म्हणून ती हरवते, आणि ती हरवते हेच पुढे तिच्याविरुद्धचे कारण म्हणून सांगितले जाते.

पर्यावरण

चौथा आक्षेप पर्यावरणाच्या नावाने येतो. पुठ्ठा मुळातच रद्दी कागदापासून बनतो, वापरल्यावर पुन्हा गिरणीत जातो, मग प्लॅस्टिकच्या पेट्या वाढवायच्या कशासाठी, असा तो आहे. या बाजूने अभ्यासाचा आधारही देता येतो. फिनलंडमधील ब्रेडच्या वितरणाबद्दल २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जीवनचक्र अभ्यासात पुनर्चक्रीकरण होणारे पुठ्ठ्याचे खोके प्लॅस्टिकच्या क्रेटपेक्षा कमी हानिकारक ठरले होते. युरोपीय संघाच्या २०२५ च्या पॅकेजिंग नियमावलीतही वाहतुकीच्या पॅकेजिंगसाठी २०३० पासून किमान ४० टक्के फेरवापराचे बंधन घातले गेले, पण पुठ्ठ्याची खोकी त्यातून वगळली गेली.

हे दोन्ही दाखले खरे आहेत, पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष त्यांच्यात नाही. फिनलंडच्या अभ्यासात निकाल फिरला तो मुख्यतः वाहतुकीवर: हलका माल, जड क्रेट, लांब अंतरे. ब्रेड हलका असतो, म्हणून पेटीचे वजन एकूण वजनात मोठे ठरते. कास्टिंगच्या किंवा यंत्रण केलेल्या पोलादी भागांच्या पेटीत तसे होत नाही. तिथे वजन मालाचेच असते. युरोपच्या नियमावलीतली सूट अशा प्रदेशातली आहे जिथे कागदी पॅकेजिंगचा ८० टक्क्यांहून अधिक हिस्सा पुनर्चक्रीकरणासाठी गोळा होतो. आणि पुठ्ठा वगळल्यावरही पॅलेट, प्लॅस्टिकच्या पेट्या, पिंपे यांवरचे बंधन तसेच उभे आहे. पुठ्ठ्याला दिलेली सूट म्हणजे फेरवापर चुकीचा असल्याचा निवाडा नव्हे.

पुनर्चक्रीकरण आणि फेरवापर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असल्यासारखे बोलले जाते, तेही तपासले पाहिजे. फाडलेले खोके भंगाराच्या गोदामातून कागदाच्या गिरणीत जाते. तिथे त्याचा पाण्यात लगदा होतो, तारा, पिना आणि चिकटपट्टी वेगळी काढावी लागते, नवा कागद वाफेवर वाळवावा लागतो, मग त्याला नाळी पाडून पुन्हा पुठ्ठा होतो. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतात आणि ताकद टिकवायला नवा लगदा मिसळावा लागतो. हे सगळे पाणी, कोळसा आणि वाहतूक एका वीस किलोमीटरच्या प्रवासासाठी खर्च होते. अडीच किलोची पेटी वर्षाला ५० फेऱ्या करत पाच वर्षे टिकली, तर एका फेरीच्या वाट्याला दहा ग्रॅम प्लॅस्टिक येते. तेवढाच माल नेणारे ७०० ग्रॅमचे खोके दर फेरीला नव्याने लागते. आयुष्य संपलेली पेटी एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, पॉलिप्रोपिलीन किंवा एचडीपीईची असते, म्हणून तिचे दाणे करून पुन्हा वापरणे सोपे जाते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ज्या एकदाच वापरायच्या पिशव्यांवर बंदी घातली, त्या रांगेत या पेटीला बसवता येत नाही.

एक अट मात्र कायम राहते. तीच पेटी दहा फेऱ्यांनंतर हरवली, तर फेरीमागे दहाऐवजी अडीचशे ग्रॅम प्लॅस्टिक पडते. पर्यावरणाचा फायदा पेटीच्या पदार्थात नसून तिच्या परतण्यात आहे. म्हणूनच न मोजता वाटलेल्या पेट्यांना हरित उपक्रम म्हणून मिरवणेही तितकेच चुकीचे आहे.

दर्जा

पेट्यांमधून धूळ, तेल आणि गंज येतो, असेही म्हटले जाते. न धुतलेल्या पेटीबाबत ते बरोबर आहे. पण पुठ्ठा स्वच्छ असतो, हे गृहीत धरणे त्याहून धोक्याचे आहे. पुठ्ठा फाडताना आणि घासताना तंतू आणि धूळ सुटते. इंधन प्रणाली, ब्रेक आणि बेअरिंग यांसारख्या भागांसाठी कणांच्या स्वच्छतेच्या मर्यादा व्हीडीए १९ आणि आयएसओ १६२३२ या मानकांनुसार तपासल्या जातात, आणि अशा जुळणीच्या विभागात पुठ्ठा आत येऊ न देणे ही रूढ दक्षता आहे. पावसाळ्यात तर पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो, त्याची दाब सहन करण्याची ताकद घटते, रचलेली खोकी खचतात आणि ओलसर पुठ्ठ्याला टेकलेला पोलादी भाग गंजतो. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर ही अडचण चार महिने टिकते.

पेटीतल्या कप्प्यांना भागाचा आकार देता येतो, म्हणून भाग एकमेकांवर आदळत नाहीत. एक जागा रिकामी असेल तर मोजणीतली चूक नजरेलाच दिसते. गंजरोधक व्हीसीआय पिशवी पेटीतही तशीच चालते. धुलाईचा प्रश्न तीन नियमांनी सुटतो: एक पेटी एकाच भागासाठी, स्वच्छतेची मर्यादा असलेल्या भागांच्या पेट्या दर फेरीला धुवायच्या, बाकीच्या ठरावीक अंतराने. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी स्थिर विद्युत वाहून नेणाऱ्या काळ्या पेट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

कर आणि कागदपत्रे

जीएसटीची भीती प्रत्यक्ष तरतुदींपेक्षा मोठी झाली आहे. परत येणारी पेटी विकली जात नाही. म्हणून ती बिलावर न चढवता केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ५५ नुसार डिलिव्हरी चलनावर जाते. या चलनाच्या तीन प्रती असतात: माल घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि पाठवणाऱ्याची. अनामत रकमेबाबतही कायदा स्पष्ट आहे. जीएसटी कायद्याच्या कलम २(३१) नुसार अनामत ही, पुरवठादाराने ती किमतीत वळती करेपर्यंत, मोबदला मानली जात नाही. म्हणून पेटीवर अनामत ठेवली म्हणजे लगेच कर लागला, असे होत नाही.

ई-वे बिलाची मर्यादा आंतरराज्य वाहतुकीसाठी ५० हजार रुपये आहे. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी राज्याने ती १ लाख ठेवली आहे. वरच्या उदाहरणातल्या शंभर रिकाम्या पेट्यांची किंमत ६० हजार होते, म्हणजे भोसरी-चाकण फेरीला ती मर्यादा लागतच नाही. ई-वे बिलाच्या नियम १३८ मध्ये रिकाम्या मालवाहू कंटेनरना आणि विक्रीव्यतिरिक्त कारणाने हलवल्या जाणाऱ्या रिकाम्या गॅस सिलिंडरना सूट आहे. कारखान्यांच्या रिकाम्या पेट्या आणि पॅलेटही तितक्याच स्पष्ट शब्दांत त्या यादीत घालाव्यात, ही उद्योगाची मागणी असायला हवी. कागदपत्रांचा त्रास होतो म्हणून पुठ्ठ्याकडे परतण्यापेक्षा ही एक ओळ मिळवणे अधिक फायद्याचे आहे.

परदेशी मालाबाबतही दार बंद नाही. लाकडी पॅलेटला आयएसपीएम १५ या मानकाप्रमाणे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे उष्णता देणे किंवा मान्य रसायनाची धुरी देणे लागते. प्लॅस्टिक आणि पोलादाला हे बंधन नाही. टिकाऊ कंटेनर आयात करून ठरलेल्या मुदतीत परत निर्यात केले, तर बंधपत्रावर सीमाशुल्कात सूट मिळते.

भार कोणी उचलायचा

शेवटचा आक्षेप सर्वांत न्याय्य आहे. मोठा कारखाना ‘उद्यापासून माल पेटीतूनच पाठवा’ असे कळवतो, पेट्या मात्र पुरवठादाराने घ्यायच्या असतात. त्यांची किंमत भागाच्या दरात नगामागे थोडी थोडी वसूल होईल, असे सांगितले जाते. पण कळवलेल्या अंदाजाइतके नग उचलले गेले नाहीत किंवा मॉडेल मध्येच बंद झाले, तर वसुली अर्ध्यावर थांबते आणि त्या भागाच्या आकाराचे कप्पे असलेल्या पेट्या पुरवठादाराच्या शेडमध्ये पडून राहतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. बिलाच्या पैशांची वाट पाहणाऱ्या उद्योजकाने पेट्यांमध्ये चार लाख गुंतवावेत आणि त्या परत मिळतील की नाही हे दुसऱ्याच्या आवारावर अवलंबून असावे, ही मागणीच अन्यायाची आहे.

या अन्यायाचे उत्तर उद्योगाच्या स्वतःच्या प्रथेत आहे. प्रेसची डाय आणि प्लॅस्टिकचा साचा पुरवठादाराच्या शेडमध्ये असतो, तरी त्यासाठी पैसे अनेकदा मोठा कारखाना देतो आणि त्याची मालकीही त्याच्याकडे राहते. कारण ते टूलिंग मानले जाते. पेटीही टूलिंगच आहे. तिचे माप कारखान्याची लाइन ठरवते, तिचे कप्पे कारखान्याचा भाग ठरवतो, तिच्या फेरीचे दिवस बहुतांशी कारखान्याच्या आवारातच वाढतात किंवा घटतात. ज्याच्या हातात फेरी आहे, त्यानेच पेटीचे भांडवल घालावे. तसे झाले की मागच्या आवारात पडलेली प्रत्येक पेटी कारखान्याचाच अडकलेला पैसा ठरते आणि ती उचलण्याची घाईही त्यालाच होते.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे काय, हा प्रश्नही टाळता येत नाही. त्यांचा काही धंदा नक्की कमी होईल. पण नाशिकची द्राक्षे, देवगड आणि रत्नागिरीचा हापूस, औषधे, ई-कॉमर्स आणि लांब पल्ल्याचा माल यांना परत न येणारे खोकेच योग्य आहे. वीस किलोमीटरच्या पुरवठ्यातला वायफळ खर्च राखून ठेवणे हा रोजगार वाचवण्याचा मार्ग नाही. पेट्यांची धुलाई, दुरुस्ती आणि वर्गवारी ही कामे त्याच औद्योगिक वसाहतीत उभी राहतात.

बदलाचा क्रम

यातून बदलाचा क्रम स्पष्ट होतो. सुरुवात कमी अंतराच्या, रोज आणि समान प्रमाणात जाणाऱ्या भागांपासून करावी. फेरीचे दिवस आधी मोजावेत, मग पेट्यांची संख्या ठरवावी. पेट्या कारखान्याच्या मालकीच्या किंवा सामायिक साठ्याच्या असाव्यात. गेटवर पेटीला पेटी हा नियम पहिल्या दिवसापासून लागू करावा. महिन्यातून एकदा सगळ्या पेट्यांची मोजदाद व्हावी आणि त्या हिशेबावर स्टोअर, लॉजिस्टिक्स आणि पुरवठादार या तिघांच्या सह्या असाव्यात. नमुन्याचे भाग, अनियमित मागणीचे भाग आणि एकदाच जाणारी निर्यात यांना पुठ्ठा किंवा लाकूडच वापरावे.

काही कामे एका कारखान्याच्या आवाक्याबाहेरची आहेत. ६०० बाय ४०० आणि तिच्याशी जुळणारी थोडकीच मापे सर्वांनी मान्य केली, तर एकाच पुरवठादाराला चार ग्राहकांसाठी चार मापे ठेवावी लागणार नाहीत आणि मॉडेल बंद झाले तरी फक्त आतले कप्पे बदलून पेटी पुढे वापरता येईल. मराठा चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या १९३४ पासून पुण्यात काम करणाऱ्या संस्थेने आणि सुट्या भागांच्या उत्पादकांच्या ॲक्मा या संघटनेने अशा मापांवर सहमती घडवून आणावी. एमआयडीसीने सामायिक धुलाई केंद्रासाठी प्रत्येक मोठ्या वसाहतीत जागा द्यावी. लहान पुरवठादाराला स्वतःचे धुलाई यंत्र परवडत नाही, पण फेरीमागे दोन-तीन रुपये देणे परवडते.

फेरवापराची पेटी सर्वत्र योग्य नाही आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. जिथे अंतर कमी, मागणी नियमित आणि परतीला एक जबाबदार मालक आहे, तिथे तिच्याविरुद्धचा एकही आक्षेप हिशेबासमोर टिकत नाही. जिथे यातली एखादी अट नाही, तिथे आधी ती अट पूर्ण करता येते का हे पाहावे. अंतर बदलता येत नाही, मागणी काही प्रमाणात बदलते, पण मालकी आणि मोजणी या दोन गोष्टी मोठ्या कारखान्यांच्या हातात आजच आहेत. त्या त्यांनी घेतल्या, तर लहान पुरवठादाराचा खर्च खरोखर कमी होईल. न घेता पेट्या लादल्या, तर पुठ्ठ्याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे ते स्वतःच खरे करून दाखवतील.